विमलताईले आवतन

मारोतराव जिथं बसलेले दिसायचे तिथं त्यांचं मनही असेल, ही आशा विमलताईंनी लग्न झाल्याबरोबरच सोडून दिली होती. माणूस वाईट नव्हता हो. कष्टाळू, बोलका, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त डोकं कायम परगावी गेलेलं. जेवताना पिकातल्या डवरणीचा विचार, डवरताना कापसाच्या भावाचा, अन् भावाच्या गप्पा हाणायला पारावर बसले की घरी जेवायला काय असेल त्याचा. एकदा कळंबच्या बाजाराला बायकोला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं आणि येताना एकटेच परत आले. अंगणात उभं राहून "पाणी आण वं" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठं आठवलं की पाणी आणणारी बाई तिकडं चिंतामणीच्या देवळापाशी भाजीची पिशवी धरून वाट पाहत उभी आहे! हा किस्सा गावात अजून रंगवून सांगतात, आणि सांगताना सगळ्यात जास्त हसतात ते स्वतः मारोतराव.

पण त्या आषाढात जे घडलं, त्यावर हसायला कोणाचं तोंड उघडलं नाही.

पावसानं उघडीप दिली होती. असं ऊन वाया घालवतील त्या विमलताई कसल्या? त्यांनी घरातली जाड वाकळ धुवायला काढली. वाकळ म्हणजे गोधडीच, पण जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली. कोरडी उचलतानाच कंबर वाकते, ओली झाल्यावर तर नावच काढू नका. ती पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक विमलताईंनी धरलं, दुसरं मारोतरावांना धरायला लावलं. दोघांनी उलटसुलट पीळ दिला, पाणी धो धो गळायला लागलं, आणि नेमका तेव्हाच रस्त्यानं कोणाचा तरी कोरा करकरीत ट्रॅक्टर गेला.

"कोनाचा वं हा?" म्हणत मारोतरावांनी मान वळवली. मान वळली तसे हातही सुटले. त्या ओल्या धोंड्याचं सगळं वजन विमलताईंच्या उजव्या हातावर आलं, खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं, आणि "माय वं!" म्हणून त्या तिथंच चिखलात बसल्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी खांदा तपासला, मशीनमध्ये घालून फोटो काढला आणि चष्मा कपाळावर चढवला. "आतला स्नायू फाटलाय. नशीब की अर्धाच फाटलाय. आराम दिला तर आपोआप जुळून येईल. पोळा होऊन जाऊ द्या, मग परत दाखवायला या. तोवर या हातानं उचलायचं नाही, पिळायचं नाही, लाटायचं तर मुळीच नाही. रोज गरम पाण्याचा शेक घ्यायचा. ऐकलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही हात वर जाईल की नाही, हे मी आत्ता सांगू शकत नाही."

एसटीत बसल्यावर मारोतरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "निशूची माय, घरातलं सारं मी करतो. तुले काडीसुद्धा उचलू देत नाही."

विमलताई खिडकीतून बाहेरची कापसाची पऱ्हाटी पाहत राहिल्या. नवऱ्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. त्याच्या ध्यानावर नव्हता.

आणि झालंही तसंच. घरात दोघंच. एकुलती लेक निशिगंधा नागपूरला शाळेत मास्तरीण. त्यामुळं झाडलोट, स्वयंपाक, भांडीकुंडी सगळं मारोतरावांच्या गळ्यात आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी वरण केलं. करताना फवारणीचा विचार चालला होता, म्हणून मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी ते चुकू नये म्हणून मिठाचाच विचार करत बसले आणि दूध उतू जाऊन सगळा गॅस पांढरा झाला. कधी नळ चालू ठेवून वावरात निघून गेले, कधी झाडू तसाच दारात आडवा टाकून मोटर पाहायला गेले. आणि दर वेळी व्हायचं काय, तर जळका वास आला की विमलताई खुर्चीतून उठायच्या, सवयीनं उजवा हात पुढं करायच्या, अन् कळ डोक्यात गेली की ओठ आवळून खाली बसायच्या.

"अवं, उठू नको ना तू!" मारोतराव अंगणातून ओरडायचे.

"मी नाही उठली तर घर पेटते! मंग काय करू, बसल्याजागी पाहू?"

बोलणं खोटं नव्हतं. मारोतरावांचं मन भटकलं की विमलताई उठणार, आणि विमलताई उठल्या की खांद्याची वाट लागणार. ऑपरेशन टाळायचं तर त्या बाईला खुर्चीत बसवून ठेवायचं, आणि बसवून ठेवायचं तर या माणसाचं चित्त जाग्यावर पाहिजे. आता आली का पंचाईत! त्यात बाईंनी आधीच जाहीर करून टाकलेलं, "ते काही असो, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी मीच लाटीन. लग्न होऊन आली तवापासून या घरच्या बैलानं माह्याच हातची पोळी खाल्ली आहे."

मारोतरावांनी शेवटी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टरसकट.

निशिगंधाच्या शाळेत पोरांना रोज सकाळी काही वेळ शांत बसवतात. श्वासाकडं लक्ष द्या, आवाजाकडं लक्ष द्या, असं शिकवतात. त्याचं रीतसर शिक्षण तिनं घेतलं होतं. ती म्हणाली, "बाबा, रोज थोडा वेळ डोळे मिटून बसून पाहा."

मारोतरावांनी पाहिलं. डोळे मिटले, आणि एवढ्या जोरात घोरले की विमलताईंना वाटलं ट्रॅक्टरच परत आला.

"बरं, बसू नका," दुसऱ्या दिवशी निशिगंधा हसत म्हणाली. "भांडीच घासा. पण भांडी घासताना फक्त भांडीच. पाणी गार लागतं का, राख खरखरीत लागते का, इतकंच पाहायचं. मन दुसरीकडं गेलं तर रागवायचं नाही, परत आणायचं."

"म्हंजे ढोर दुसऱ्याच्या वावरात घुसलं की हाकलून आनतो, तसं?"

"तसंच. ढोर पुन्हा जाईल, तुम्ही पुन्हा आणा."

हे मात्र मारोतरावांना नीट समजलं. ढोरं हाकलण्यात त्यांची हयात गेली होती.

निशिगंधानं आपल्या आवाजात छोटे छोटे संदेश करून पाठवले. मारोतराव सकाळी मोरीपाशी बसायचे, मोबाईल विटेला टेकवायचे आणि आवाज मोठा करायचे. 'आता तुमचं लक्ष हातातल्या भांड्याकडं आणा,' असा लेकीचा गोड आवाज अंगणभर घुमायचा. मारोतराव मान डोलवून गिलास घासायचे. मन उडून सोयाबीनवरच्या अळीकडं गेलं की "हाड! हाड!" म्हणायचे. अळीकडून गिलासाकडं, गिलासाकडून परत अळीकडं. पहिले काही दिवस एवढं हाकललं की भांडी घासून होईपर्यंत घसा बसायचा.

एका सकाळी शेजारच्या तांड्यावरचे हिरासिंग आले. त्यांचं वावर मारोतरावांच्या धुऱ्याला लागून, त्यामुळं सकाळचा चहा बहुतेक इथंच व्हायचा. दारातच थबकले.

"कोन बाई बोलून राह्यली वो घरात? अन् तुम्ही हाड हाड कोनाले करून राह्यले?"

"निशू आहे मोबाईलमधी. ध्यान करून राह्यलो."

"कायचं ध्यान?"

"आता गिलासाचं. हे झालं की मंग गंजाचं," मारोतराव बाजूला पडलेलं वरणाचं मोठं पातेलं दाखवत गंभीरपणे म्हणाले.

हिरासिंगांच्या तोंडातला तंबाखू उडाला. हसून हसून त्यांनी खांबाला टेका घेतला. "वैनी, पाहा वो! साधू लोकं ध्यान कराले हिमालयात जातात, आमचे मारोतराव मोरीत बसले!"

ओसरीतल्या खुर्चीतून विमलताईही हसल्या. दुखण्यानंतर त्या पहिल्यांदाच अशा मोकळ्या हसल्या होत्या. मारोतरावांनी ते ऐकलं आणि गिलास आणखी जोरात घासला.

पण खरं सांगायचं तर हळूहळू जमायला लागलं. तुरीची डाळ निवडताना खडे हाताला लागायला लागले. आधी ते थेट दाताला लागायचे! झाडताना कोपऱ्यात झाडूचा आवाज वेगळा येतो, हे कळलं. दूध वर यायच्या आधी कडेला बारीक बारीक बुडबुडे येतात, ते दिसायला लागले. एवढंच काय, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निंबाचं झाड दिसतं, हेसुद्धा मारोतरावांना साठी जवळ आल्यावर कळलं. त्यांनी हाक मारून बायकोला सांगितलं, "अवं, अठून निंब दिसते!"

"काय सांगता!" विमलताई म्हणाल्या. "मले वाटलं तो काल रातीच उगवला."

पण बाई खुर्चीत बसू लागल्या. वरणाला मीठ एकदाच पडायला लागलं, गॅस काळाच राहायला लागला, आणि जळका वास येईना तसं उठायचं कारणही उरेना. खांद्याची ठसठस कमी झाली. शेक तेवढा त्या स्वतःच घ्यायच्या, डाव्या हातानं, टीव्हीसमोर बसून, कसाबसा. मारोतरावांना त्यात करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. त्यांचं सगळं चित्त भांड्यांवर होतं.

आणि तिथंच ते फसले. एखाद्याला विद्या यायला लागली की ती कुठं दाखवू अन् कुठं नको असं होऊन जातं. घरातली सगळी भांडी चकचकीत झाल्यावर मारोतराव आता ध्यानासाठी काय उरलं ते शोधत फिरत होते. त्यांची नजर गॅसजवळच्या तव्यावर पडली. लोखंडी, जाड आणि काळाकुट्ट. एवढी वर्षं तो तसाच काळा! मारोतरावांना वाईट वाटलं. म्हणाले, या बिचाऱ्याकडं कोणी पाहिलंच नाही.

दुपारी विमलताईंचा डोळा लागला होता. मारोतरावांनी राख घेतली, विटेचा चुरा घेतला, नारळाची शेंडी घेतली आणि मोरीत बसकण मारली. काय घासला म्हणता तो तवा! गोल गोल, कडेकडेनं, मग मधोमध. हाताखाली काळं सुटत होतं आणि आतून पांढरं लोखंड निघत होतं. मन एकदाही वावरात घुसलं नाही. मोबाईलसुद्धा लावावा लागला नाही. रस्त्यानं तोच नवा ट्रॅक्टर धडधडत गेला, तरी ह्यांनी मान वर केली नाही. आपल्याला साधलं, असं त्यांना वाटलं. तवा आरशासारखा लखलखीत करून त्यांनी तो ओसरीत, बायकोला उठल्या उठल्या दिसेल असा ठेवला आणि कौतुकाची वाट पाहत बसले.

आता ज्याच्या घरात भाकर होते त्याला सांगायला नको. भाकरीचा तवा घासत नसतात. वर्षानुवर्षं तेल अन् आच पिऊन त्यावर जो काळा थर चढतो, त्याच्या जिवावर भाकर सुटते. तो थर खरवडला की तवा नुसतं लोखंड होतो, आणि त्यावर टाकलेली भाकर सात जन्म निघत नाही.

विमलताई उठल्या. तव्याकडं पाहिलं.

"काय केलं हे?"

"घासला," मारोतराव आनंदानं म्हणाले. "एकदम ध्यान देऊन घासला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नव्या नवरीच्या हातात सासूनं दिलेला तो तवा होता, आणि त्याला पोसून पोसून त्यांनी असा केला होता की मिटल्या डोळ्यांनी भाकर टाकावी अन् उलटावी. त्या तरातरा आत गेल्या. वरच्या फळीवर एक जुना जड तवा पडून होता. रागाच्या भरात त्यांनी तो काढायला हात वर केला, तोही उजवाच.

मारोतरावांना आतून तवा आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ विमलताईंची किंकाळी. धावत गेले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा पांढराफटक, खांदा डाव्या हातानं धरलेला.

पुन्हा यवतमाळ, पुन्हा फोटो. डॉक्टर या वेळी चांगलेच तापले. "थोडक्यात वाचलात. आणखी फाटलं नाहीये, पण जुळून आलेलं ताणलं गेलंय. आता एकदा जरी या हातावर जोर पडला, तरी मी थेट ऑपरेशनची तारीख देणार. समजलं?"

परत येताना एसटीत जोडमोहाचा फाटा मागं गेल्यावर विमलताई हळूच म्हणाल्या, "दुपारभर तव्याकडं पाह्यलं तुमी. एक डाव मले इचारलं असतं तर?"

त्या दिवसानंतर मारोतरावांनी मोरीत मोबाईल लावला नाही. कामं मुकाट्यानं करायचे, नीट करायचे, पण हिरासिंगांनी चिडवलं तरी हसायचे नाहीत.

असं करता करता पोळा उद्यावर आला. विमलताईंनी सकाळीच डाव्या हातानं हरभऱ्याची डाळ मोजून ठेवलेली मारोतरावांना दिसली.

"हे कायले?"

"उद्या पुरण नाही का?"

"अवं, डॉक्टर काय बोलला? लाटलं तर ऑपरेशन होते!"

"चार पोळ्यानं काय होते? सणाच्या दिवशी बैलाले भाकर चारू का? वर्षभर राबले ते आपल्यासाठी. तुमी तर पोळी लाटत नाही. अन् मले गप्प बसवत नाही."

"मी सांगतो ना, नाही लाटाचं!"

"अन् मी सांगून राह्यली, लाटीन!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हट्टाचं होतं, तसंच दुखण्याचंही. मारोतराव तणतणत गोठ्याकडं निघून गेले. भांडणात जिंकायची त्यांना सवय नव्हती, आणि या भांडणात हरले तर बायकोचा हात जाणार होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, त्याला एक दिवस तरी गोड बोलायचं, अशी ती रीत. हौश्या आणि पाखऱ्या दुपारीच नाल्यावर धुऊन आणले होते. मारोतरावांनी पाणी गरम केलं, फडकं बुडवून पिळलं आणि हौश्याच्या मानेमागं ठेवलं. मग पळसाच्या पानानं लोण्यात कालवलेली हळद लावली. कातडी जिथं जुवानं दगडासारखी घट्टे पडून निबर झाली होती, तिथं अंगठ्यानं हलके हलके मळलं. हौश्यानं डोळे मिटले.

पाखऱ्याची वेळ आली. वशिंडाच्या उजव्या बाजूला हात गेल्याबरोबर त्याची कातडी थरथरली. मारोतरावांचा हात आपोआप हलका झाला. "दुखते ना बापा? माहीत हाय मले. डवरणीत तुही बाजू ओढली गेलती." पाखऱ्यानं मान त्यांच्या छातीवर टेकवली.

आणि मारोतराव तसेच थांबले. पाखऱ्याचं कुठं दुखतं हे आपल्याला कोणी सांगितलं? कोणीच नाही. रोज पाहतो म्हणून माहीत. उठताना तो कोणता पाय आधी टाकतो हेसुद्धा माहीत. आणि घरात ती बाई महिनाभर खांदा धरून बसलीय, तिचं नेमकं कुठं दुखतं? वर, का मागं? रात्री ती कोणत्या कुशीवर झोपते? मारोतरावांना यातलं एकही सांगता येईना. त्यांना लाज वाटली, बैलाच्या अंगावर हात ठेवून उभ्या उभ्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगातलं प्रत्येक भांडं ध्यान देऊन पाहिलं, आणि जिच्यासाठी पाहिलं तिला पाहायचंच राहिलं.

त्यांनी दोन्ही बैलांना हात जोडले आणि रीतीप्रमाणं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग उरलेलं गरम पाणी उचललं आणि घरात गेले.

विमलताई टीव्हीसमोर बसून डाव्या हातानं खांद्यावर फडकं दाबत होत्या. मारोतरावांनी टीव्ही बंद केला आणि ते फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"कुठं दुखते?"

"खांदा दुखते, अजून कुठं दुखणार?"

"खांदा मोठा असते. बोट ठिव."

विमलताईंनी चमकून पाहिलं. मग डावा हात मागं नेऊन बोट ठेवलं. मारोतरावांना वाटलं होतं त्याच्या पार खाली, पाठीकडं.

"अठी. रातच्याला लय. सकाळी मान धरते. अन् केस इंचराले हात वर जात नाही, म्हणून दुखलं तवापासून वेणी नाही घातली. पाह्यलं नाही तुमी?"

"नाही पाह्यलं," मारोतराव म्हणाले.

त्यांनी फडकं बुडवलं, पिळलं, बोट होतं तिथं ठेवलं. विमलताई सांगत राहिल्या. आधी दुखण्याचं, मग त्याच्याही आधीचं, कोणत्या वर्षी वावरातलं तण निंदताना पहिल्यांदा चमक निघाली होती ते, कोणाला सांगितलं नव्हतं ते. मारोतराव ऐकत होते. कातडी आखडली की हात हलका करत होते, सैल झाली की थोडा दाब देत होते. त्यांचं मन कुठंही गेलं नाही, आणि त्याला हाकलावंही लागलं नाही.

"हात हलका आहे जी तुमचा," विमलताई डोळे मिटून म्हणाल्या. "इतक्या वर्षात समजलं नाही."

शेक झाला. मारोतरावांनी फडकं बाजूला ठेवलं, समोर येऊन उभे राहिले आणि हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

विमलताईंनी आधी तोंडाला पदर लावला आणि मग खो खो हसल्या. "येडे झाले का तुमी? मले बैल समजून राह्यले?"

"हास, किती हासाचं ते. पण ज्याले आवतन देलं, त्याच्या खांद्यावर उद्या जू ठेवत नाही. कोनीच ठेवत नाही, कितीही काम असो. तू आवतन घेतलं तर उद्या लाटणं हाती घ्याचं नाही. येऊन जेवाचं, बस."

"अन् पोळ्या?"

"मी करीन. तुले इचारून इचारून करीन. पुरण किती, आच किती, सारं इचारीन. तवासुद्धा इचारून ठेवीन."

विमलताईंचं हसू थांबलं. या घरात त्यांनी किती जणांना जेवायला वाढलं असेल त्याला गणती नाही. सासरे, दीर, पाहुणे, मजूर, सणावाराला अख्खी भावकी. पण त्याच घरात येऊन जेवून जा, असं त्यांना कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "आवतन घेतलं मी."

पोळ्याचा दिवस म्हणजे काय विचारता! मारोतरावांनी पहाटेपासून जी धांदल केली ती केली. विमलताई ओसरीतून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या. "डाळ बोटानं दाबून पाहा." "गूळ आता टाका." "अजी, वेलदोडा कुटून, सालासकट नाही!" मारोतराव प्रत्येक गोष्ट विचारत होते आणि सांगितली तशी करत होते. पहिली पोळी लाटताना पुरण बाहेर आलं. दुसरी पोळी चौकोनी झाली, तिसरीला तर आकाराचं नावच देता येईना. हिरासिंग बैलाच्या शिंगांना लावायचं बेगड मागायला आले आणि परातीत डोकावून म्हणाले, "वैनी, हे महाराष्ट्राचे नकाशे कोनी काढले?" पण त्यांनीच जाताना एक पोळी तोंडात टाकली आणि दुसरी मागून घेतली.

संध्याकाळी झूल पांघरून, शिंगं रंगवून बैल तोरणाखालून मिरवून आले. विमलताईंनी डाव्या हातानं ओवाळलं. हौश्या-पाखऱ्यानं ते नकाशे काही तक्रार न करता खाल्ले. मग मारोतरावांनी स्वयंपाकघरात पाट मांडला, पाटाभोवती कशीबशी रांगोळी काढली आणि दारात येऊन म्हणाले, "चला, जेवाले चला."

विमलताई पाटावर बसल्या. ताटात पुरणपोळी, कढी, वड्याची भाजी. बसल्या बसल्या त्यांची नजर सवयीनं घरभर फिरली. तुपाची वाटी ओट्यावरच राहिली होती. त्या उठायला गेल्या, अर्ध्यावर थांबल्या आणि परत बसल्या. मारोतरावांनी तूप आणून वाढलं आणि तव्यावर पुढची पोळी टाकली.

विमलताईंनी पहिला घास घेतला. मारोतराव उलथनं हातात धरून त्यांच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. चावताना त्या काय म्हणतील, डोळ्यांत काय दिसेल, एवढंच ते पाहत होते. दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

"गूळ जरा कमी झाला," विमलताई म्हणाल्या आणि दुसरा घास मोडला. "पण बरी झाली. लय बरी झाली."

तेवढ्यात जळका वास सुटला. तव्यावरच्या पोळीतून धूर निघायला लागला होता. या वासाला जन्मभर जी बाई ताडकन उठली, ती पाटावरच बसून राहिली. मारोतरावांना वास आला तसे ते "अरे बापा!" म्हणून वळले.

"गॅस बंद करा अन् जळू द्या तिले," विमलताई म्हणाल्या. "तुमचं ताट घ्या अन् अठी माह्याजोळ बसा."